सरांचा पुतळा नको, सरांचा वर्ग चालू करा : माजी विद्यार्थ्यांच्या स्मारक समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
स्मारक समिती, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. शाळेच्या फाटकाजवळ सरांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आप्पांचा अर्धपुतळा बसवायचा, खाली संगमरवरी पाटी लावायची आणि अनावरणाच्या दिवशी स्मरणिका काढायची, असं समितीत एकमताने ठरल्याचं तुम्ही कळवलंत. चार लाखांच्या वर वर्गणी जमली आहे आणि मूर्तिकाराला मातीच्या नमुन्यासाठी फोटो हवे आहेत. चष्मा लावलेला घ्यायचा की बिनचष्म्याचा, ते घरच्यांनी ठरवावं, असंही लिहिलं आहे. आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "पुतळ्यावर कबुतरं बसणार. पुसायला कोण जाणार? मीच." तिचं उत्तर तेवढ्यात संपलं. माझं जरा लांब आहे.

ते समितीच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण वर्गणी देणाऱ्यांतले बरेचजण समितीत नाहीत. आणि त्यातले कितीतरी या शाळेत शिकलेलेच नाहीत. ते आप्पांच्या संध्याकाळच्या वर्गाला यायचे. कुणी पेठ रोडवरच्या पालिकेच्या शाळेतून आलेला, कुणी भद्रकालीतला, कुणी शाळा सोडून गॅरेजला लागलेला आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारा. तुमच्या शाळेच्या फाटकातून ही मुलं कधी आत गेली नाहीत. आता फाटकाजवळ पुतळा बसवलात तर तो त्यांना रस्त्यावर उभं राहूनच बघावा लागेल.

आधी स्मरणिकेबद्दल. कच्चा मजकूर पाठवलात ते बरं केलंत. त्यात आप्पा देवमाणूस आहेत, ज्ञानयज्ञातली समिधा आहेत आणि एका लेखात चालतंबोलतं विद्यापीठ आहेत. आप्पा बीजगणित आणि भूमिती शिकवायचे. बाकीचं जाऊ द्या, लिहिणाऱ्यांच्या प्रेमापोटी आलं असेल. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे : "सरांनी सेवाभावातून नापास विद्यार्थ्यांसाठी मोफत वर्ग सुरू केला." ते काढा. तो वर्ग सेवाभावातून सुरू झाला नाही, माझ्या थोरल्या भावामुळे सुरू झाला. दादाला विचारूनच हे लिहितेय. तो म्हणाला, "लिही बिनधास्त. आता माझी पोरं नोकरीला लागली, माझे मार्क कोण बघतंय?"

१९८८ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि गणिताच्या सरांचा मुलगा गणितात नापास झाला. बातमी आमच्या वाड्यात यायच्या आधी पंचवटी कारंजावर पोचली होती. आप्पा तेव्हा चाळिशीतले, तापट, शाळेत छडीसाठी नावाजलेले. दादाला त्यांनी हातही लावला नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. दादा समोर पाटावर बसलेला असायचा आणि आप्पा आईला सांगायचे, "त्याला भाजी वाढ." किती दिवस हे चाललं ते दादालाच ठाऊक. एका रात्री आईने भाताचं पातेलं आपटलं. तिला तुम्ही ओळखता, तुमच्यातल्या निम्म्यांना तिने वाढलंय, भांडी आपटणारी बाई नाही ती. म्हणाली, "गावच्या पोरांना शिकवता. ह्याला कुठे अडतंय, ते एकदा तरी विचारलंत का?"

आप्पांनी विचारलं, आणि जे निघालं ते त्यांना झेपेना. दादाला वर्गसमीकरण येत नव्हतं हे खरं, पण त्याच्याही मागे, पार खाली, त्याला हातच्याची वजाबाकी धड येत नव्हती. तिसरीत कावीळ झाली तेव्हा त्याची बरीच शाळा बुडली होती. तिथे जे सुटलं ते सुटलंच. पुढची सगळी वर्षं त्याने बोटांवर, अंदाजावर आणि शेजारच्याच्या वहीवर काढली. वडीलच गणिताचे मास्तर, मग "मला वजाबाकी येत नाही" हे सांगायचं कुणाला?

त्या जुलैत वाड्याच्या ओट्यावर दादा आणि गल्लीतली आणखी दोन नापास मुलं बसली. नापास झालेला मुलगा ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसायचा, तर 'ऑक्टोबरच्या वारीला' निघाला म्हणून तेव्हा टिंगल व्हायची. आप्पा वारकरी, त्यामुळे आमच्याकडे वारकऱ्याच्याच ओट्यावर ती वारी भरू लागली. ऑक्टोबरला दोघं सुटले. तिसऱ्याला मार्चपर्यंत थांबावं लागलं, आणि आज स्मरणिकेला सगळ्यात मोठी जाहिरात त्याचीच आहे.

छडीचंही इथेच सांगते. मसुद्यातल्या बऱ्याच लेखांत छडीचं कौतुक आहे. सरांनी फोडून काढलं म्हणून माणूस झालो, वगैरे. कृपा करून हे छापू नका. त्या पावसाळ्यानंतर आप्पांनी कुठल्याच मुलावर हात उचलला नाही. छडी त्यांनी घरी आणून ठेवली आणि आई तिने माळ्यावरचे डबे पुढे ओढायची. ज्या गोष्टीची त्यांना पुढे लाज वाटायची, तिचा तुम्ही गौरव करताय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी घातली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत "आता पोरं डोक्यावर बसणार" अशी कुरकुर झाल्याचं आप्पांच्या कानावर आलं. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. ते म्हणाले, "मारून फक्त एवढंच कळतं की पोराला मार लागतो. अडतं कुठे ते कळत नाही."

त्यांच्या वर्गात काय चालायचं, याबद्दल स्मरणिकेत एक ओळ नाही. 'गणित सोपं करून सांगत' एवढ्यावर भागवलंय. वर्ग पुन्हा चालवायचा तर हेच कामाला येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दहावीच्या मुलाला सुरुवातीला ते दहावीचं पुस्तक उघडूच द्यायचे नाहीत. सुरुवात ६१७४ ने. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, त्यांनी शोधलेली ही संख्या. कोणतेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेली संख्या वजा करा. जे येईल त्याचं परत तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतं, आणि पुढे कितीही वेळा केलं तरी तेच येत राहतं. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. बी.एस्सी. झालेले शाळामास्तर म्हणून कापरेकरांना इथल्या विद्वानांनी फारसं मोजलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग त्यांचं नाव जगभर गेलं. आप्पा हे अभिमानाने सांगायचे, जणू देवळाली म्हणजे आमच्याच वाड्याची मागची खोली.

पण आप्पांना त्यातली जादू दाखवायची नव्हती. मुलगा एका बैठकीत वीस-पंचवीस हातच्याच्या वजाबाक्या करून जायचा, कंटाळा न करता. शिवाय तपासायला सर लागत नसत. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत यायला हवी, ती आली नाही की हातचा कुठेतरी राहिलाय. आणि मध्येच एखादी वजाबाकी चुकली तरी चुकलेल्या उत्तरापासून पुढे गेलं की गाडी पुन्हा ६१७४ लाच येऊन लागते. ज्या मुलाने आजवर चूक झाली की मारच खाल्लाय, त्याला हे कळायचं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

एका कीर्तनकार बुवांना हे गणित आप्पांनीच शिकवलं होतं. बुवांनी ते कीर्तनात घेतलं : कोणत्याही अंकापासून निघा, शेवटी ६१७४, तसा कोणत्याही वाटेने निघा, शेवटी पांडुरंग. टाळ्या पडल्या. कीर्तन संपल्यावर आप्पा बुवांच्या पाया पडले आणि हळूच म्हणाले, "११११ घेऊन बघा बुवा. शून्य येतं. ती अट सांगायची राहिली." बुवा पुढे तो दृष्टांत द्यायचे, पण अटीसकट.

वजाबाकी बसली की मुलांना घेऊन गंगेवर. (नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगा, हे बाहेरच्यांसाठी.) पावसाळ्यात पेपरात छापून येतं, गंगापूर धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग. पोरं रामकुंडाकडे धावतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कंबरेला ते बघायला. आप्पा तिथेच वही काढायला लावायचे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे अठ्ठावीस लिटरच्या थोडं वर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ऐंशी हजारांहून जास्त लिटर. आपल्या गल्लीत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरा. सेकंदाला अठ्ठावीस टँकर! मुलं गप्प व्हायची. गुणोत्तर, प्रमाण, एककं, वेळ आणि वेग, सगळं त्या घाटावर व्हायचं. २००८ च्या आणि २०१६ च्या पुरात तर त्यांनी वर्ग दोन-तीन दिवस तिथेच भरवला, आणि आई छत्री घेऊन त्यांना शोधत फिरत होती.

मग व्याज. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची, भाजीची गाडी लावणाऱ्यांची मुलं वर्गात असायची. घरात खाजगी कर्ज, 'शेकडा पाच'. पाच टक्के म्हणजे फार नाही, असं मुलांना वाटायचं. ते महिन्याला पाच असतं. आप्पा चक्रवाढीने बारा महिने हाताने करून घ्यायचे, कॅल्क्युलेटर नाही. दहा हजारांचे वर्षात सतरा हजार नऊशे एकोणसाठ होतात. एका मुलाने ही वही घरी बापाला दाखवली, आणि बाप दुसऱ्या दिवशी मुलाऐवजी स्वतःच ओट्यावर येऊन बसला. त्याला पतपेढीत घेऊन जाण्याचं काम आप्पांनी माझ्यावर ढकललं, कारण मी बँकेत होते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससोबत 'वीस एक' आलं. सगळ्या महाराष्ट्रात चेष्टा झाली, आमच्या घरीही झाली. आप्पा एकटे ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीच्या बाजूने. त्यांच्या ओट्यावर सोळा वर्षांची मुलं त्रेसष्ट ऐकून ३६ लिहायची, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. हे टीव्हीवरच्या चर्चेत कुणी सांगत नाही म्हणून ते टीव्हीवर चिडायचे.

आता भक्तीचं. स्मरणिकेत त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ आहे, कपाळाचा बुक्का आहे, आणि 'सरांनी अध्यात्म आणि गणित यांचा संगम साधला' असं आहे. असला संगम त्यांनी कधी साधला नाही, ते दोन्ही वेगळं ठेवायचे. एका चुणचुणीत मुलीने वर्गात विचारलं होतं, "सर, देव आहे हे सिद्ध करून दाखवा." ते म्हणाले, "भूमितीत गृहीतकं सिद्ध करायला सांगत नाहीत. पण गृहीतक चुकलं तर वरचा सगळा डोलारा पडतो, म्हणून ते जपून घ्यायचं. माझं मी घेतलंय, तुझं तू बघ." आणि पुढचं प्रमेय.

पंढरपूरला ते क्वचित गेले. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते तेव्हा शाळा नुकती सुरू झालेली असायची, आणि शाळा बुडवून वारी करणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांची वारी पौषातली, वद्य एकादशीची, नाशिकहून त्र्यंबकेश्वर. जेमतेम तीस किलोमीटर. पण पौषातली नाशिकची थंडी, पहाटे धुक्यात सातपूर मागे पडतं, मग महिरावणी, मग डावीकडे अंजनेरी, आणि खानदेशातून, नगरकडून कितीतरी दिवस चालत आलेल्या दिंड्या येऊन मिळतात. मी लहानपणी बरोबर जायचे. एकदा विचारलं, "ज्ञानेश्वरांची आळंदी मोठी, मग आपण निवृत्तिनाथांकडेच का?" ते म्हणाले, "ते ज्ञानेश्वरांचे मास्तर." थोरला भाऊच गुरू झाला, आणि ज्ञानेश्वरीत माउली पानोपानी त्याचंच देणं मानतात. आप्पांना हे नातं फार जवळचं वाटायचं. त्र्यंबकला समाधीपुढे उभं राहून ते काय मागायचे मला माहीत नाही, पण परतताना बरेचदा शाळेतल्या कुठल्यातरी मुलाबद्दल बोलत असायचे.

वारी आणि दहावीची पूर्वपरीक्षा नेमकी एकाच सुमारास. म्हणून पडशीत पेपरांचा गठ्ठा. मुक्कामाला भजन रंगात आलेलं आणि आप्पा बत्तीच्या उजेडात लाल पेनने पेपर तपासतायत. विणेकऱ्यांना हे खटकायचं. ते एकदा बोलले, "मास्तर, निदान आज तरी." आप्पांनी पेन खिशात ठेवलं, टाळ घेतले, भैरवी होईपर्यंत उभे राहिले आणि सगळे झोपल्यावर पुन्हा गठ्ठा सोडला. तुमच्यापैकी कुणाच्या १९९०च्या दशकातल्या पेपरावर चहाचा नाहीतर तेलाचा डाग असेल, तर तो महिरावणीचा आहे.

संध्याकाळी त्यांचा हरिपाठ आणि मग वर्ग, हा क्रम शेवटपर्यंत राहिला. हरिपाठाला बसायची सक्ती कुणालाही नव्हती. आईलासुद्धा नव्हती. आई एकादशीही करत नाही, तिला पित्त होतं, आणि आप्पांनी कधी त्यावरून शब्द काढला नाही.

एका पावसाळ्यात ओटा गळायला लागला म्हणून वर्ग जवळच्या एका विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात हलवला. काही दिवसांतच कुणीतरी हरकत घेतली. मुलं 'कुठली कुठली' असतात, त्यांनी आत बसू नये. आप्पांनी वाद घातला नाही. फळा खांद्यावर घेतला, मुलांना पुढे घातलं आणि ओट्यावर परत आले. दादाने ताडपत्री बांधली. पण हरिपाठाला ते त्याच देवळात जात राहिले. मला तेव्हा ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी म्हटलं, "जिथे पोरांना बसू देत नाहीत तिथे तुम्ही कशाला टाळ कुटता?" म्हणाले, "माझं विठोबाशी भांडण नाही." मी म्हटलं, "माझं आहे." ते हसले. मला हसू आलं नाही.

त्यांनी मनात काय केलं ते वर्षभराने कळलं. प्रत्येक तुकडीला ते काळारामाला न्यायचेच, परीक्षा संपली की. त्या वर्षापासून मुलांना आधी दाराबाहेर उभं करायला लागले. २ मार्च १९३० ला याच दारासमोर सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड पुढे, हजारो माणसं. वर्षामागून वर्षं गेली आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. हे सगळं उन्हात उभं राहून. आप्पा म्हणायचे, "आधी दाराची गोष्ट, मग दर्शन. ज्याला यायचं नसेल त्याने बाहेर माझ्या चपला सांभाळाव्या, मी लगेच येतो." काही मुलं बाहेर थांबायची. त्यांना प्रसादाचा पेढा बाहेर मिळायचा, आणि त्यावरून कुणाला काही विचारलं जायचं नाही.

स्मरणिकेत आई एका वाक्यात आहे : 'सरांच्या कार्यात त्यांच्या सुविद्य पत्नीची मोलाची साथ लाभली.' आई सातवी शिकलीय. सुविद्य शब्दावर ती पोट धरून हसली. मग मी तिला विचारलं, फॉर्मचे पैसे कुठून यायचे ते सांगू का लोकांना? ती नको म्हणाली नाही, म्हणून सांगते. आप्पांच्या पगारातून घर चालायचं, गावच्या विहिरीचं कर्ज फिटायचं आणि माझं कॉलेज व्हायचं. वर्गातल्या मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे त्यातून निघत नसत. ते आईच्या शिवणाचे होते. लग्नसराईत ती रात्री दोनपर्यंत ब्लाउज शिवायची. कुणाचा फॉर्म भरला, ते कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. पैसे परत आले की ते खोडायची, नाही आले तर वर्ष संपल्यावर पान उलटायची. ही कालनिर्णयं अजून माळ्यावर आहेत. पाटी बसवायचीच असेल तर नाव कुणाचं, याचा विचार करा. मला स्वतःला पाटीच नको आहे.

वर्ग आजारपणाने थांबला असं तुम्ही लिहिलंय, ते अर्धवट आहे. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला, ९९.९५ टक्के. लोक पेढे वाटत होते आणि आप्पा अस्वस्थ. नापास कुणी नाही म्हणजे ओट्यावर येणारं कुणी नाही. "ज्याला येत नाही त्याला आता कळणारच नाही की येत नाही," म्हणायचे. पुढच्या वर्षी आयटीआयला गेलेला एक मुलगा आला, मापं घेताना अपूर्णांकात अडत होता. त्याला शिकवलं. आणखी दोघे-तिघे आले. मग गुडघे गेले, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग बाकीचं. शेवटच्या वर्षी फोन स्पीकरवर ठेवून एका मुलीला वर्गमूळ शिकवायचे, पलंगावर पडून. ती मार्चला सुटली. आप्पा मार्गशीर्षातच गेले होते.

आता माझी मागणी. पुतळा करू नका. मूर्तिकाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर तेवढी सोडून द्या, त्या माणसाचं नुकसान नको. उरलेल्या पैशांतून वर्ग सुरू करा. फॉर्मची फी, वह्या, लांबून येणाऱ्या मुलीचा बसचा पास, पावसाळ्यात चहा-बिस्किटं. खर्च एवढाच आहे आणि रक्कम बरीच वर्षं पुरेल. दादाने हिशेब करून ठेवलाय, तो मागाल तेव्हा दाखवेल. त्याचं अंबडला लेथचं वर्कशॉप आहे, आता वजाबाकी चुकत नाही.

पैशाची अडचण नाहीच. अडचण माणसांची आहे. पूर्वी नापास मुलाला ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळायचा. २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच येते, महिना-दीड महिन्यात. निकाल लागल्यावर सभा घेऊन, ठराव करून वर्ग काढायचा म्हटलं तर परीक्षा होऊन गेलेली असेल. वर्ग पूर्वपरीक्षेनंतर, पौषातच सुरू व्हायला हवा, ज्यांचं अडणार आहे ती मुलं तेव्हाच कळतात. आणि आठवड्याला एकेकाने दोन संध्याकाळी द्यायच्या, वर्षभर. समितीत एचएएलमधून निवृत्त झालेले तिघं आहेत, दोन मुख्याध्यापक आहेत, एक सीए आहेत. अनावरणाच्या तयारीच्या बैठकांना तुम्ही सगळे न चुकता आलात, हे मी इतिवृत्तात वाचलं. तेवढाच वेळ मागतेय.

आणि एक अट आहे, ती आईची. वर्गाला आप्पांचं नाव द्यायचं नाही. नाव दिलं की बॅनर येतो, बॅनर आला की नगरसेवक येतो, आणि मुलं मागे बसतात. हे तिचे शब्द.

ओटा आहे. फळा आहे, त्याला काळा रंग मारून घ्यायचा आहे. सतरंज्या दादा आणतोय. शाळेतल्या आताच्या एका बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलांची नावं द्यायचं कबूल केलंय, शेजारच्या पालिका शाळेत मी स्वतः जाऊन विचारणार आहे. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला, हरिपाठानंतर, वाड्यावर या. आई पोहे करणार आहे, म्हणून किती जण येणार ते शनिवारपर्यंत दादाला कळवा. बीजगणितासाठी तुमच्यातल्या दोघांनी मला फोनवर होकार दिलाय. व्याजाची आणि बँकेची गणितं मी घेईन. भूमितीला अजून कुणी नाही.

आपली,
सरांची मुलगी
पंचवटी, नाशिक